नारिंगी विमान कोणी पाडलं?

१

टेबलावर पोतं होतं आणि पोत्याखाली विमान होतं. विमान म्हणजे, परवापर्यंत ज्याला विमान म्हणत होते ते.

ताईने पोत्याचं टोक उचललं आणि तिच्या हातातली किल्ली खणकन फरशीवर पडली. आप्पांचं नारिंगी विमान! हलक्या बाल्सा लाकडाची एकेक काडी कापून, घासून, चिकटवून आप्पांनी उभं केलेलं. पंख एवढे लांब की त्यावर एक माणूस आरामात आडवा होईल. आता पंखाचे तुकडे, नाकाचा चेंदामेंदा, आणि शेपूट बिचारी वेगळीच पडलेली. पुढच्या रविवारी क्लबचा उड्डाणदिन. त्या दिवशी मैदानाभोवती माणूस मावत नाही, आणि पहिलं उड्डाण याच विमानाचं व्हायचं होतं.

"अहो, या इकडे सगळे! आप्पांचं विमान मोडलंय कुणीतरी!"

रिमोटवर विमानं उडवणाऱ्यांचा हा क्लब. वस्ती संपते तिथे एक सपाट मैदान, कडेला पत्र्याची शेड, पलीकडच्या टोकाला पाण्याची टाकी, आणि रविवारी सकाळी घरच्यांची बोलणी खाऊन इथे जमणारी घोड्याएवढी माणसं. त्यांना 'एवढे मोठे झालात, विमानं कसली उडवता?' असं विचारायची सोय नाही. अर्धा तास समजावून सांगतील.

सगळ्यांत आधी आले अध्यक्ष. ते दातांचे डॉक्टर. कुणी जांभई दिली तरी त्यांची नजर दाढेवर. त्यांच्यामागून बेकरीवाला हाश्शहुश्श करत आला. पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून तो थेट मैदानावर यायचा आणि खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढायचा. टेबल पाहिलं आणि त्याची झोप पार उडाली.

"कुलूप?" अध्यक्षांनी विचारलं.

"शाबूत आहे," ताई म्हणाली. "किल्ली मीटरच्या पेटीमागे जागेवर होती. ती जागा कुणाला माहीत नाही?"

ताईचा धंदाच हा. ठोकलेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला अहवाल द्यायचा. बंपरचा पोचा पाहून ती सांगायची की गाडी झाडावर गेली, का दारू पिऊन झाडावर गेली. क्लबात सगळे तिला 'पंचनामेवाली ताई' म्हणत, आणि तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला? चांगलंच आवडायचं.

ती कामाला लागली. आप्पांचा रिमोट फळीवर होता. उजवी दांडी खाली ओढलेली, डावी मधोमध. उडवून झाल्यावर असतो तसाच. विमानाची बॅटरी तिच्या पेटीत नव्हती. शेडबाहेरच्या वाळूच्या बादलीत कुणीतरी ती नीट पुरून ठेवली होती. मार बसलेली बॅटरी पेट घेते, म्हणून वाळूत ठेवायची, ही क्लबातली पहिली शिकवण. मोजली तर रिकामी होत आलेली. आणि विमानाचे तुकडे सगळे होते. नखाएवढे कागदी कपटेसुद्धा वेचून आणलेले.

"म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी," अध्यक्ष हळूच म्हणाले.

तेवढ्यात आप्पा आले. क्लब त्यांनी काढलेला. तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात जन्म गेला, आणि आज इथे उडणारं अर्धं आकाश त्यांनीच शिकवलेलं. हल्ली गुडघा दुखतो म्हणून काकूंचा हात धरून यायचे. टेबलापाशी येऊन उभे राहिले. तुकड्यांना हातसुद्धा लावला नाही.

"असू दे," ते म्हणाले. "लाकूडच होतं."

ताईला आप्पांनी स्वतःच्या रिमोटवर, स्वतःच्या जुन्या पद्धतीने शिकवलं होतं, बाकीचे आपापले रिमोट घेऊन यायच्या कितीतरी आधी. लेकीसारखं शिकवलं होतं. ती गरकन वळली.

"असू कसं दे आप्पा? ज्याने हे केलं त्याला मी आज संध्याकाळच्या आत तुमच्यासमोर उभा करते!"

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. रंगारी आला होता, आणि त्याच्या स्कूटरच्या पायफळीवर काहीतरी नारिंगी चमकत होतं.

२

रंगारी म्हणजे घरं, पाट्या, दुकानांची शटरं रंगवणारा गडी. जिभेला हाड नाही. मागच्याच रविवारी चहा पिताना सगळ्यांदेखत आप्पांना म्हणाला होता, "उड्डाणदिनाला तुमचं विमान मी उडवतो. तुम्ही खुर्चीत बसा." आप्पा केवढे चिडले होते! "माझं विमान माझ्या हातून पडेल तेव्हा पडेल, तू कोण सांगणारा?"

ताईने पायफळीवरचा कपटा उचलला. विमानाच्या आवरणाचाच. खाली काळ्या पट्ट्याची कड. पायफळीच्या खाचांत आणखी होते, आणि त्यांत वाळलेलं गवत अडकलेलं.

"हे काय?"

रंगाऱ्याने कपट्याकडे पाहिलं, मग शेडच्या दारात उभ्या आप्पांकडे. "कपटा आहे," तो म्हणाला.

"ते दिसतंय. तुमच्या स्कूटरवर कसा?"

"मला काही बोलायचं नाही."

"काल इथे आला होतात?"

"म्हटलं ना ताई, मला काही बोलायचं नाही."

एवढा बोलघेवडा माणूस आणि आज तोंडात गुळणी धरून उभा! ताईला वाटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? आणि मग ती बोलली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"बरोबर आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवणाऱ्या माणसाला, स्वतःच्या हाताने काही उभं करणं म्हणजे काय, कसं कळणार? दुसऱ्याचं घ्यायचं, मोडायचं, पोत्याखाली झाकायचं!"

बेकरीवाला बुटांकडे पाहू लागला. रंगाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो कधी कुणाचं ऐकून घेणारा नव्हे, पण त्याने ऐकून घेतलं. मग वळला, स्कूटरला लाथ मारली आणि निघून गेला.

"संध्याकाळी सभा," अध्यक्ष म्हणाले. "आप्पांपुढे ठराव करू. असला माणूस क्लबात नको."

आप्पांनी काकूंचा हात धरला होता. त्यांनी तो आणखी घट्ट धरला.

३

सभेला वेळ होता. गुन्हेगार सापडला होता, तरी ताईला चैन पडेना. अहवाल लिहायचा तर रकाने पुरे भरलेले हवेत, ही तिची खोड. तिने अध्यक्षांना गाठलं.

"काल? दिवसभर दवाखान्यात होतो," ते म्हणाले. "एका आजोबांची कवळी बसत नव्हती. तुमचा माझ्यावर संशय आहे का?"

"तुमच्या नव्या जेटला पहिलं उड्डाण हवं होतं."

"हवं होतं," अध्यक्ष लाजून म्हणाले. "पण म्हणून काय आप्पांचं विमान मोडीन? दाढ काढतानासुद्धा हात थरथरतो हो माझा."

मग ती मैदान तुडवत निघाली. विमान जिथे पडलं ती जागा टाकीच्या पार पलीकडे, कोरड्या गवतात सापडली. नाकाने खणलेला खड्डा होता. गवतात दोन जणांच्या पायांच्या वाटा दिसत होत्या. एक वाट शेडकडून येऊन खड्ड्याच्या जवळून पुढे गेलेली, परत फिरलेली, पुन्हा पुढे गेलेली. कुणी हरवलेलं काही शोधत असल्यासारखी. दुसरी टाकीमागून निघून सरळ खड्ड्यापाशी आलेली.

ताई तिथेच उकिडवी बसली. एवढ्या लांब विमान आलं कसं? बॅटरी रिकामी होत येईपर्यंत ते हवेत होतं. मजेत उडत होतं. चोरून उडवणाऱ्याचं विमान पडतं ते सुरुवातीलाच. आणि पाडून पळणारा माणूस नखाएवढे कपटे वेचत बसतो का? तुकडे गवतातच सोडले असते तर आठवडाभर कुणाला पत्ता लागला नसता. लपवायचं असतं तर ते टेबलावर आणून का मांडायचं?

ती परतली तेव्हा बेकरीवाला एकटाच शेडच्या सावलीत बसला होता.

"ताई, डोकं शिणलंय. तुमचं शिकाऊ विमान जरा द्या ना, एक चक्कर मारतो."

तिने रिमोट दिला. बेकरीवाल्याने वेग द्यायला, क्लबाच्या भाषेत गॅस द्यायला, डावी दांडी पुढे सारली. विमान जागचं हललं नाही, नुसती शेपूट हलली. "आँ?" म्हणून त्याने उजव्या दांडीशी खटपट केली, आणि विमान जे सुसाट सुटलं ते पहिल्याच झटक्यात हवेत उडी मारून नाकावर आपटलं.

"अरे देवा! ताई, तुमचा गॅस उजव्या हाताला! मी विसरलोच. आमचा सगळ्यांचा डावीकडे, तुमचं जगावेगळं. माझ्याच्याने नाही बुवा हे उडणार."

ताई हसली. तोंड भरून हसली. आणि मग तिचं हसू एकदम थांबलं.

फळीवरचा आप्पांचा रिमोट! उजवी दांडी खाली ओढलेली. दुसरी दांडी सोडली की आपोआप मधोमध येते. गॅसचीच तेवढी जिथे ठेवाल तिथे राहते. सकाळी तिने ते पाहिलं होतं, आणि त्यात काही वेगळं आहे हे तिला जाणवलंच नव्हतं, कारण तिच्या हाताला ते रोजचं.

रंगारी डाव्या हाताने गॅस देणारा. आप्पांच्या रिमोटवर त्याच्या हातून विमान शेडसमोरच उताणं पडलं असतं. टाकीपर्यंत ते नेऊ शकणारी माणसं सगळ्या क्लबात दोनच.

त्यातली एक ती स्वतः. आणि तिने ते नेलं नव्हतं.



४

रंगारी एका रिकाम्या फ्लॅटमध्ये सापडला. रविवारचंही काम करत होता. शिडीवर चढून छताची कड मारत होता, आणि ताईला पाहून खाली उतरला नाही.

"विमान आप्पांनीच पाडलं," ताई म्हणाली.

ब्रश थांबला. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने ब्रश डब्यात ठेवला. मग शिडीच्या पायरीवर बसला.

"काल दुपारी काम लवकर संपलं म्हणून मैदानावर गेलो. टाकीच्या बाजूने. आप्पा एकटेच उडवत होते. काय उडवत होते, ताई! पण लांब गेल्यावर विमान वळलं आणि त्यांना कळेना की येतंय का जातंय. लख्ख ऊन होतं. मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. पडलं. मग ते शोधायला आले. एवढं नारिंगी विमान गवतात पडलंय आणि ते त्याच्या जवळून निघून गेले. परत आले, परत निघून गेले. पायाने चाचपत होते हो."

ताईच्या डोळ्यांसमोर सगळं एकामागून एक उभं राहिलं. पांढरंशुभ्र ठरलेलं विमान ऐन वेळी भडक नारिंगी का झालं. पंखाखाली ते जाडजूड काळे पट्टे कशाला. 'नाक कुठे, शेपूट कुठे, बोलत राहा, त्याने तुझी नजर बसेल,' म्हणून आप्पा तिला हल्ली शेजारी का उभं करत. आणि गुडघा! गुडघा दुखणारा माणूस पायरीवर ठेचकाळतो का? दर रविवारी शेजारी उभी असायची ती. बाहेरच्या गाडीचा बारीक ओरखडा दिसायचा तिला.

"पट्टे मीच मारले," रंगारी म्हणाला. "रंगवणाऱ्याला कळतं, माणसाला काय दिसतं नि काय नाही. म्हणून म्हणालो होतो, मी उडवतो. उजव्या हाताचा गॅस तोवर शिकलो असतो. बोलायची रीत नाही मला."

"मग काल हाक का नाही मारलीत?"

"आप्पांना? त्या अवस्थेत? जागच्या जागी मेले असते लाजेने. ते गेल्यावर तुकडे गोळा केले. म्हटलं, सकाळी येतील, म्हणतील माझ्या हातून पडलं, आणि विषय संपेल. ते बोललेच नाहीत. मग मी कोण बोलणार?"

ताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "फार चुकलं. मला माफ करा."

"चोर म्हणालात त्याचं काही नाही," रंगारी म्हणाला. "ते खोटंच होतं. पण ते भिंतीचं बोललात ना... ते तुमच्या मनात आधीपासूनच असणार."

ती नाही म्हणायला गेली आणि तिला नाही म्हणवेना.

"एक करा," तो पुन्हा शिडी चढत म्हणाला. "आप्पांचं नाव कुठे काढू नका. मी क्लब सोडतो. बायको गेल्यापासून रविवार तेवढा तिथे जायचा, तो आता इथे जाईल. शपथ घ्या."

५

आप्पांच्या घरी काकूंनी दार उघडलं आणि ताईचा चेहरा पाहून त्या आत चहा ठेवायला निघून गेल्या. आप्पा खिडकीशी बसले होते.

"गॅसच्या दांडीवरून कळलं ना?" त्यांनीच विचारलं.

"हो."

"सकाळीच कळेल असं वाटलं होतं. तू इतरांसारखी नाहीस. मी आत आलो तोवर तू रिमोट पाहिलाच असणार. आणि तुला कळलं नाही तेव्हा..." आप्पा थांबले. "तेव्हा मला बरं वाटलं गं. सुटलो असं वाटलं. सगळ्यांत जास्त लाज त्याची वाटते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"नजरेचा मधला भाग गेला. कडेकडेने दिसतं. चष्म्याने व्हायचं नाही ते."

"आप्पा, तुकडे कुणी आणून ठेवले, माहीत आहे?"

"तू तो कपटा धरलास तेव्हा समजलं. त्याने पाहिलं होतं मला. चाचपताना पाहिलं होतं. तरी तो गप्प राहिला, आणि तू त्याला वाट्टेल ते बोललीस, आणि मी..." त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर घट्ट दाबले. "मी काकूचा हात धरून उभा राहिलो."

"संध्याकाळी त्याला काढणार आहेत."

चहा आला, निवला, साय धरली.

"मी नाही येणार," ते शेवटी म्हणाले. "मला नाही जमायचं."

६

शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तुकडे अजून टेबलावरच होते. रंगारी भिंतीकडेच्या बाकावर, हाताची घडी घालून बसला होता. अध्यक्षांनी उभं राहून घसा साफ केला.

"झाला प्रकार सर्वांना ठाऊक आहे. रंगारी, तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही."

"तर मग ठराव असा की..."

"थांबा," ताई उठली. "रंगाऱ्यांनी विमान उडवलं नाही. उडवूच शकत नाहीत. रिमोट बघा. गॅस उजव्या हाताला. तुमच्यापैकी कुणी हे विमान टाकीपर्यंत नेऊन दाखवा. बॅटरी संपत येईपर्यंत ते हवेत होतं. ज्याने उडवलं त्याला ते उत्तम उडवता येत होतं. रंगाऱ्यांनी फक्त तुकडे वेचले, बॅटरी वाळूत ठेवली आणि आप्पांचं विमान आप्पांच्या टेबलावर आणून ठेवलं. मी सकाळी जे बोलले ते नीच बोलणं होतं."

बेकरीवाला डोळे बारीक करून विचार करत होता. "पण ताई, उजव्या हाताने उडवणारी इथे दोनच माणसं. एक आप्पा..."

"आणि दुसरी मी," ताई म्हणाली.

तिने आप्पांचं नाव घेतलं नाही, आणि 'मी नाही' असंही म्हटलं नाही. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पंचनामेवाली ताई! स्वतः मोडलं आणि आळ दुसऱ्यावर घातला! तिला ते प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. पण तेवढं तरी आपण भोगलंच पाहिजे असं तिला वाटलं, आणि ती तशीच उभी राहिली. बाकावरचा रंगारी पुढे झुकून तिच्याकडे पाहू लागला.

"ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," अध्यक्ष म्हणाले.

"ती नव्हे."

दारात आप्पा होते. मागे काकू. आप्पांनी काकूंचा हात सोडला होता.

"विमान मी पाडलं," ते म्हणाले. "मला दिसत नाही. वर्ष होत आलं. सांगायची लाज वाटली म्हणून लपवलं, आणि ते लपून राहावं म्हणून सकाळी एका भल्या माणसाची अब्रू जाऊ दिली. उभा राहून जाऊ दिली."

ते आत आले. खुर्च्यांच्या रांगेतून, कडांना हात लावत. सगळ्यांत पुढे एकच माणूस उभा होता. आरोपीलाच उभं केलं असणार, असं त्यांनी धरलं. ते त्याच्यासमोर थांबले, दोन्ही हातांनी त्याचे हात धरले आणि कमरेत वाकले.

"बाबा रे, तू मला झाकलंस आणि मी तुला उघडं पाडलं. मला क्षमा कर."

अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना हात सोडवून घेता येईना आणि बोलताही येईना. शेडमध्ये एकाचीही मान वर नव्हती. काकूंनी पदर तोंडाला लावला.

बाक करकरलं. रंगारी उठून पुढे आला.

"आप्पा," तो म्हणाला, "मी इकडे आहे."

आप्पा तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी अध्यक्षांचे हात सोडले, आवाजाच्या दिशेने वळले, चाचपून रंगाऱ्याचे हात धरले, आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणाले.